घडणावळीचे मोल

रायपूरच्या सदर बाजारात दागिन्याची किंमत मुख्यतः दोन आकड्यांच्या बेरजेने ठरते. पहिला आकडा सोन्याचा : वजन आणि त्या दिवसाचा भाव यांचा गुणाकार. दुसरा आकडा घडणावळीचा. कोतवाली आणि गोलबाजार यांच्या लगतच्या या जुन्या सराफ्यात खरेदीला येणारे कुटुंब छत्तीसगढी असो, मारवाडी असो, की नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशाशी नाते जुळलेल्या मराठी समाजातले असो, पहिल्या आकड्याविषयी ते वाद घालत नाही. घासाघीस होते ती दुसऱ्यावर. सोन्याचा भाव दूर कुठेतरी ठरलेला असतो आणि तो निसर्गनियमासारखा मान्य केला जातो. घडणावळ मात्र माणसाची असते, आणि जे माणसाचे आहे ते कमी करून घेता येते, असा व्यवहाराचा समज आहे. पुढे कधी तोच दागिना मोडीत घालण्याची वेळ आली, की हा समज पूर्णत्वाला जातो. तूट धरून सोन्याचे पैसे मिळतात. घडणावळ शून्य होते. ज्या हातांनी मंगळसूत्राच्या वाट्यांना गोलाई दिली, बोरमाळेचा मणी मण्यासारखा केला, त्या हातांचे काम मुशीत वितळून जाते आणि कोणाला त्याचे विशेष काही वाटत नाही.

२०२१ पासून भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दागिन्यावरची ती बारीक खूण सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देते. घडणीच्या कसाविषयी ती काही सांगत नाही, आणि घडवणाऱ्याचे नाव तिच्यात नसते. सराफ्यावर हा ठपका नाही. सोन्याचा व्यापार सोन्याचाच कस पाहणार. परंतु त्यातून एक जुना प्रश्न स्पष्ट रूपात समोर येतो. ज्या वस्तूत माणसाने आपला वेळ, लक्ष आणि कौशल्य घातलेले असते, तिचे मोल नेमके कोठे असते? द्रव्यात, कृतीत, की ती वस्तू पुढे ज्या घरात जाते तेथील तिच्या आयुष्यात?

या प्रश्नाची कसोटी घ्यायची तर सोन्याच्या अगदी विरुद्ध टोकाची वस्तू विचारात घ्यावी लागते. जिच्यात द्रव्याची किंमत नगण्य आहे आणि घडणावळ हेच सर्वस्व आहे, अशी. लाकडाच्या लहान तुकड्यांची कडी जुळवून, ती एकमेकांवर रचून चिकटवून, मग लेथवर कातून केलेले भांडे ही अशी वस्तू होय. फळांचा वाडगा, पोळ्यांचा झाकणाचा डबा, मिठाची कुपी अशी नित्य वापराची रूपे त्याला देता येतात. या प्रकाराला मराठीत रूढ नाव नाही. ‘खंडजोड कातकाम’ असे त्यास म्हणता येईल. इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स या गावी एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या रंगांच्या लाकडी काड्यांची मोळी चिकटवून ती कातण्याची पद्धत होती. विसाव्या शतकात विजेवर चालणारी लेथ आणि टिकाऊ चिकटद्रव्ये उपलब्ध झाल्यावर पाश्चात्त्य देशांत तुकड्यांच्या कड्यांवर आधारलेली ही कला विस्तारली. मराठी मनाला ती परकी वाटण्याचे मात्र कारण नाही. मराठीत सूत काढणे आणि लाकूड चरकावर फिरवून गोल करणे या दोन्ही क्रियांना ‘कातणे’ हे एकच क्रियापद आहे; आणि तो व्यवसाय करणाऱ्यास कातारी म्हणत. दोन्हींत फिरते यंत्र आणि स्थिर हात यांच्या मेळातून विस्कळीत द्रव्याला रूप येते, हे भाषेने केव्हाच ओळखले होते.

या कामाची रीत पाहिली म्हणजे घडणावळ हा शब्द किती मोठा आहे ते कळते. बारा तुकड्यांचे एक कडे करायचे असेल, तर प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके पंधरा अंशांनी तिरपी कापावी लागतात. म्हणजे एका कड्यासाठी चोवीस काप. प्रत्येक कापात पाव अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर चोवीस कापांची मिळून सहा अंशांची फट पडते आणि वर्तुळ मिटत नाही. एकेकटी पाहता जी चूक डोळ्यांना दिसतही नाही, ती शेवटच्या सांध्यापाशी एकवटून उभी राहते. शिवाय लाकूड हे मेलेले द्रव्य नाही. हवेतील दमटपणानुसार ते आडव्या रेषेत फुगते-आकसते. रेषेच्या दिशेने मात्र फारसे हालत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याची रेषा कड्याच्या परिघाच्या दिशेने ठेवावी लागते. तुकड्यांची टोके टोकांना चिकटवलेला सांधा मुळात दुबळा असतो. म्हणून वरच्या कड्यातील सांधा खालच्या कड्यातील तुकड्याच्या मध्यावर येईल अशी, विटांच्या भिंतीसारखी, रचना करावी लागते. दुबळ्या सांध्याला बळ मिळते ते शेजाऱ्याकडून.

रंगाचाही प्रश्न येथे वेगळ्या तऱ्हेने सुटतो. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या कातकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर झळाळता रंग चढतो. तेथे लाकूड आत राहते आणि रंग बोलतो. खंडजोड कामात रंग लाकडाचाच असतो : सागाचा तपकिरी, हेदूचा पिवळसर, खैराचा तांबूस, शिसवाचा काळपट. ज्या राज्याचे सुमारे ४४ टक्के क्षेत्र वनांखाली आहे, त्या छत्तीसगढच्या राजधानीत या रंगांचा तुटवडा नसावा. आरा यंत्रावर चौकटी आणि फळ्या कापल्यानंतर उरणारे वीतभर तुकडे एरवी चुलीत जातात. या कामाला तेवढेच पुरतात.

येथे सराफ्याची पुन्हा आठवण होते. सोनाराच्या दुकानासमोरचा केर फुकट जात नाही. तो झाडून, धुऊन त्यातील कण वेगळे काढणारे लोक असतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणत, हिंदी मुलखात न्यारिया म्हणतात. छत्तीसगढच्या उत्तरेकडील ईब नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढण्याचीही परंपरा आहे. सोन्याच्या केराला किंमत आहे, कारण त्यात सोने आधीच आहे. झारेकरी ते शोधतो. लाकडाच्या केरात असे काही दडलेले नसते. तुकड्याला मोल येते ते त्याला दुसऱ्या तुकड्याशेजारी योग्य कोनात बसवल्यानंतरच. एका ठिकाणी मोल सापडते, दुसऱ्या ठिकाणी ते निर्माण होते. घडणावळीचा विचार या भेदापासून सुरू व्हावयास हवा.

तुकड्यांतून निर्माण झालेली ही वस्तू ‘एक’ आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छल वाटेल. भारतीय तत्त्वचिंतनाने मात्र त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ कोणता : आस, चाके, की जू? राजाला कोणत्याही एका भागाकडे बोट दाखवता येत नाही. रथ हे भागांच्या आधाराने केलेले नाव आहे, एवढेच शेवटी उरते. नैयायिकांना हे मान्य नव्हते. अवयवांहून वेगळा, अवयवांत राहणारा ‘अवयवी’ खरोखर असतो, असे त्यांचे म्हणणे. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यासाठी एक साधी युक्ती येते : वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सबंध वस्तू येते; ती केवळ रास असती तर तसे घडले नसते. वाडगा काठाला धरून उचलणाऱ्या गृहिणीला ही युक्ती शिकवावी लागत नाही.

मात्र भाष्यकार वात्स्यायनाची नजर अधिक चिकित्सक होती. तो दाखवून देतो, की लाखेने चिकटवलेले गवत, दगड, लाकूडही असेच एकत्र उचलले जाते, आणि तरी त्यातून नवा पदार्थ जन्मलेला नसतो. एकत्र धरून ठेवणे वेगळे आणि एक होणे वेगळे. एकपणाचा खरा आधार तो ‘हे एक आहे’ या प्रतीतीत शोधतो. चिकटवलेल्या लाकडाचा हा दाखला खंडजोड कामाला थेट लागू पडतो आणि त्याच्यापुढे आव्हानही उभे करतो. सरस असो वा आजचे फेव्हिकॉल, चिकटद्रव्याने तुकडे धरले जातील; ‘एक’ कशाने होतील?

या आव्हानाला उत्तर देताना एकत्वाच्या तीन पायऱ्या मानाव्या लागतात. पहिली सांध्याची. ती संयोगाची पायरी. वात्स्यायनाच्या गवत-दगडांपुढे ती फारशी गेलेली नाही. दुसरी पायरी लेथची. ओबडधोबड रचलेली कडी फिरू लागली आणि तिच्यावर पटाशी टेकली, की प्रत्येक तुकडा आपला कोपरा गमावतो. आता जो वक्र पोटापासून काठापर्यंत जातो, तो कोणा एका तुकड्याचा नसतो. प्रत्येक तुकड्यात त्याचा अंश असतो, आणि कोणताही तुकडा बाजूला काढून पाहिला तर त्यात तो पुरता सापडत नाही. रूपाचे एकत्व येथे सिद्ध होते. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे सांगितली, त्यांचे याहून उघड उदाहरण मिळणे कठीण : फिकट आणि गडद तुकड्यांचा विरोध, कड्याकड्यांतील संवाद, आणि सबंध भांड्याचा समतोल. येथवर आल्यावर पुष्कळ सौंदर्यवादी समीक्षक थांबतील आणि कलाकृती पूर्ण झाली असे म्हणतील.

प्रश्न असा, की भांडे येथे पूर्ण होते काय? तिसऱ्या पायरीची गरज आहे ती यासाठी. वाडगा हा ‘वाडगा’ म्हणून एक आहे, लाकडाचा गोल म्हणून नव्हे. आणि वाडगेपण त्यात काहीतरी ठेवले जाण्यात असते. बैलगाडीचे चाक हे आपल्याकडचे सर्वांत जुने खंडजोड काम म्हणता येईल. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, परिघाचे वक्र तुकडे आणि त्या सर्वांना आवळणारी लोखंडी धाव. धाव तापवून बसवतात. ती निवताना आकसते आणि सारे सांधे घट्ट करते. पण चाक एक झाले की नाही याची परीक्षा सुताराच्या अंगणात होत नाही, ती भरल्या गाडीखाली वाटेवर होते. भार आल्यावरच सांधे एकमेकांना खरोखर धरतात. घरगुती भांड्यालाही असाच भार लागतो. उन्हाळ्यात कोरडे आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या हवेत, रोजच्या हाताळण्यात, पुसण्यात, तेलाचा हात फिरवण्यात त्याचे एकत्व पुन्हा पुन्हा सिद्ध होत जाते. तिसरी पायरी घराची आहे.

हे मान्य केले, की उपयोग आणि सौंदर्य यांच्या प्रचलित विभागणीला धक्का बसतो. कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, वस्तू काय असावी या कल्पनेवर अवलंबून नसलेले मुक्त सौंदर्य आणि तशा कल्पनेवर आश्रित असलेले सौंदर्य असा भेद केला. मराठीत या भेदाची सर्वांत सखोल चिकित्सा रा. भा. पाटणकरांनी केली. ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात त्यांनी सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. स्वायत्ततेचा ध्रुव आणि लौकिक जीवनाशी जोडलेला ध्रुव, दोन्ही तिच्यात खरे आहेत. ही चर्चा बहुतांशी साहित्याच्या अनुषंगाने झाली. ती स्वयंपाकघरापर्यंत आणली असती, तर मराठी घरातील सर्वाधिक वापरली जाणारी कातीव वस्तू, म्हणजे लाटणे, तिच्या मध्यभागी ठेवता आली असती. लाटण्याच्या मध्यापासून टोकांकडे जाणारा हलका उतार पोळीच्या गोलाईसाठी असतो आणि तो डोळ्यांनाही सुखवतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तरीही लाटण्याला कोणी कलाकृती म्हणत नाही. कातीव लाकडी आंबा मात्र, जो खाताही येत नाही आणि ज्यात काही ठेवताही येत नाही, शोकेसमध्ये कला म्हणून विराजमान होतो. निरुपयोगी होणे ही कलेच्या राज्यात प्रवेशाची अट मानली गेली आहे, असे यावरून वाटावे.

जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांनी विसाव्या शतकात या अटीला नेमका विरोध केला. रोजच्या वापरासाठी, नाव न लावता, सामान्य कारागिरांनी केलेल्या वस्तूंत उच्च प्रतीचे सौंदर्य असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३६ मध्ये टोकियोत उभे राहिलेले लोककलांचे संग्रहालय हे त्याचे मूर्त रूप. उपयोगाला दिलेला हा मान स्वागतार्ह आहे. नामरहिततेचा गौरव मात्र भारतीय वाचकाने तपासून घ्यावयास हवा. आपल्याकडच्या सुताराने नाव न लावणे हे विनयाने निवडलेले व्रत नव्हते. बलुतेदारीत त्याला वर्षाकाठी धान्याचा वाटा मिळे. प्रत्येक वस्तूची स्वतंत्र घडणावळ आणि तिच्याबरोबर येणारी ओळख त्या व्यवस्थेत नव्हती. चौसष्ट कलांच्या यादीत तक्षणाला स्थान होते, पण तक्षण करणाऱ्याला पंक्तीत स्थान नव्हते. नाव विसर्जित करण्याचा अधिकार ज्याला नाव मिळाले आहे त्यालाच असतो. ज्याचे नाव कधी विचारलेच गेले नाही, त्याच्या अनामिकतेतून सौंदर्यशास्त्र काढणे हा दुहेरी अन्याय ठरेल. म्हणून घडणावळीचा प्रश्न सौंदर्याचा असतो तितकाच न्यायाचाही असतो.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की खंडजोड काम हे स्वतःच एक प्रदर्शन बनू शकते. शेकडो, हजारो तुकडे एका पात्रात बसवले आणि तो आकडाच अभिमानाने सांगितला जाऊ लागला, तर वस्तूचे मोल पुन्हा मोजणीवर आले. ग्रॅमच्या जागी तुकड्यांची संख्या आली, एवढाच फरक. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर तिसऱ्या पायरीतच आहे. जे भांडे तुकड्यांच्या संख्येने थक्क करते पण ज्यात चार पेरू ठेवण्याची भीती वाटते, ते दुसऱ्या पायरीवर अडकलेले आहे. कौशल्य सांध्यात पणाला लागावे; वापरणाऱ्याच्या मनावर त्याचे दडपण राहू नये.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. स्टीलचा वाडगा स्वस्त आहे, टिकाऊ आहे, सर्वांच्या आवाक्यात आहे. ज्या वस्तूवर कारागिराचे कित्येक दिवस खर्ची पडतात ती सामान्य घराला परवडणार कशी? आणि परवडत नसेल तर तिला गृहोपयोगी म्हणणे ही संपन्न वर्गाची हौस नव्हे काय? याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आक्षेप घेणाऱ्याने स्वतःच्या व्यवहाराकडेही पाहावे. सदर बाजारात तोळाभर सोन्याच्या भावापुढे निमूट मान तुकवणारे घर लाकडी वाडग्याची किंमत ऐकून ‘लाकडाचेच तर आहे’ असे म्हणते, तेव्हा त्याची अडचण दर वेळी ऐपतीची नसते. माणसाच्या श्रमांना द्रव्याचे पाठबळ असल्याखेरीज किंमत द्यायची नाही, ही ती सवय आहे. या सवयीपोटी लेथवर बसणारा आपल्या मुलाला दुसऱ्या धंद्याला लावतो. मग ती वस्तू खरोखरच दुर्मीळ होते, महाग होते, आणि हौसेची म्हणून हिणवली जाते. परवडत नाही हे कारण आणि परवडेनासे झाले हा परिणाम, यांतील क्रम अनेकदा उलटा असतो.

याच सवयीची दुसरी बाजू शोकेसमध्ये दिसते. किंमत मोजून आणलेले लाकडी भांडे काचेमागे ठेवणे हा त्याचा सन्मान वाटतो. वस्तुतः तेथे ते पुन्हा सोन्यासारखे होते : जपून ठेवायचे, दाखवायचे, झिजू द्यायचे नाही. लाकडाला हा न्याय लागू नाही. न हाताळलेले लाकूड कोरडे पडते, निस्तेज होते. पुसणारा, तेल लावणारा हात त्याला हवा असतो. झिजणे हा येथे नाश नाही, तो वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे. पोळ्यांच्या डब्याचे लाकूड रोज थोडी वाफ पिते आणि पोळीला पाणी सुटू देत नाही. त्याचा आतला रंग वर्षागणिक गडद होत जातो. तो गडदपणा कारागिराने दिलेला नाही. तो घराने दिलेला आहे. घडणीचे काम, या अर्थाने, घरात चालूच राहते, आणि वापरणारा त्यात भागीदार होतो. भागीदाराची जबाबदारीही त्याच्याकडे येते : सांधा सुटू लागला तर भांडे फेकून न देता सुताराकडे नेण्याची.

द्रव्य, कृती आणि वापर, या तिन्हींपैकी मोल कोठे असते, या आरंभीच्या प्रश्नाकडे आता परतता येईल. सोन्याच्या दागिन्यात पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. मुशीला तेवढे ठाऊक असते. खंडजोड भांड्यात त्या वेगळ्या होत नाहीत. त्यातून घडणावळ वजा केली तर हाती उरतात आरा यंत्राखालचे तुकडे, ज्यांना कोणताही तराजू लावला जात नाही. ते मोडीत घालता येत नाही, हा व्यापाराच्या दृष्टीने त्याचा दोष. नीतीच्या दृष्टीने तोच त्याचा गुण आहे, कारण त्या भांड्याशी व्यवहार करणाऱ्याला कारागिराच्या हाताची किंमत चुकवण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. ती किंमत एकदा पैशाने चुकवावी लागते आणि मग रोज वापराने. सासूचे लाटणे सुनेकडे येते तेव्हा त्याचे वजन कोणी करीत नाही. मधल्या भागात ते किंचित बारीक झालेले असते, आणि ज्या कातारीने ते कातले त्याचे नाव घरात कोणाला माहीत नसते. त्याच्या घडणावळीचा हिशेब मात्र पोळपाटावर अजून चालू असतो.